सत्काराची यादी : सोलापुरातील एका गणवेश कारखान्याच्या कामगार समारंभाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात २०२४ च्या जुलैमध्ये घडलेले हे प्रकरण आहे. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि रकमा पूर्णांकात दिल्या आहेत. मी तेथे आस्थापना आणि कामगारांचे कामकाज पाहत होतो; समारंभाची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत.

पटावर १७० माणसे होती. त्यांतली ९६ शिलाई मशीनवर, १८ ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधणारे मशीन) आणि काज-बटणावर, ९ कटिंगमध्ये, १२ प्रेसवर, २७ धागे कापणे, घडी आणि पॅकिंगमध्ये, आणि ८ जण कार्यालयात व देखरेखीवर होते. बायकांची संख्या दोनतृतीयांशाच्या आसपास होती. मशीनवाल्यांना पीसप्रमाणे मजुरी मिळे, पॅकिंगला रोजंदारी होती आणि फक्त आठ जण मासिक पगारावर होते. कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा दिवसभर कानावर पडत. एकाच वाक्यात दोन भाषा येणे ही तर सोलापूरची रोजचीच रीत आहे.

गणवेशाच्या धंद्याचे वर्ष शाळेच्या वर्षावर चालते. जानेवारीनंतर मागणी वाढू लागते, आणि मार्चपासून शाळा उघडेपर्यंत कोणालाही श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमक्या याच दिवसांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. पत्र्याच्या छपराखाली, प्रेसच्या वाफेशेजारी, जादा तास धरून काम चालते. १५ जूनला शाळा उघडल्या की महिन्याभरात मागणी ओसरते. आभार मानावेत असे काम या लोकांनी केलेले असते, याविषयी मालकांच्या मनात कधीच शंका नव्हती. आभार कसे मानावेत, यावर मात्र आम्ही आधीच्या वर्षी सपशेल आपटलो होतो.

आधीच्या वर्षी काय झाले

२०२३ मध्ये समारंभ १ मे रोजी ठेवला होता. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येतात, तेव्हा दिवस अगदी योग्य आहे असे आम्हाला कार्यालयात बसून वाटले. कामगारांच्या बाजूने पाहिले तर ऐन हंगामात मिळालेली ती एकमेव हक्काची सुट्टी होती, आणि तिची संध्याकाळ आम्ही मागून घेतली होती. होटगी रस्त्यावरच्या एका हॉटेलात साडेसहाची वेळ दिली होती. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे कार्यक्रम आठला सुरू झाला. भाषणे होईपर्यंत साडेनऊ वाजले, आणि जेवण उघडण्याआधीच साठ-एक बायका उठून गेल्या. कुंभारी आणि विडी घरकुलाकडे राहणाऱ्यांना रात्री रिक्षा मिळत नाही. मिळाली तरी तिचे भाडे अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतके होते.

नऊ जणांना ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून स्मृतिचिन्ह दिले. त्यांतले सात कार्यालयातले आणि देखरेखीवरचे होते. हा हिशेब त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नाही. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलावरून कोणीतरी तो मोठ्याने मांडला, तेव्हा आला. जूनमध्ये अकरा जण दुसऱ्या कारखान्यात गेले. ते समारंभामुळे गेले असे मी म्हणणार नाही, कारण तिकडे पीसमागे दर थोडा जास्त होता. पण जाताना एकाने जे सांगितले ते मी टिपून ठेवले होते : “बक्षीस ज्यांना दिलं त्यांनाच शिवायला बसवा की, शेठ.”

समस्या

२०२४ च्या जूनअखेर मालकांनी पुन्हा समारंभाचा विषय काढला आणि चार लाखांपर्यंत खर्चाची तयारी दाखवली. त्यांच्या ओळखीच्या एका कार्यक्रम व्यवस्थापकाने लगेच प्रस्ताव दिला : हॉटेलातले जेवण माणशी ६५० रुपये, ऑर्केस्ट्रा ६०,०००, व्यासपीठ व सजावट ४५,०००, स्मृतिचिन्हे २०,०००, आणि प्रत्येकी ९०० रुपयांची भेटवस्तूंची पिशवी. एकूण ३ लाख ८८ हजार. रकमेत बसत होते, आणि मालकांनी जवळजवळ होकार दिला होता.

१ जुलैच्या बैठकीत मी एवढेच विचारले की या यादीत कामगाराच्या खिशाला पडणारा खर्च कोठे आहे. पीसवर काम करणाऱ्या माणसाला अर्धा दिवस मशीनवरून उठवले तर त्याची मजुरी बुडते. रविवारी बोलावले तर आठवड्याची सुट्टी जाते, आणि धुणे, बाजार, पाणी भरणे ही आठवड्याची कामे रविवारीच उरकायची असतात. रात्री बोलावले तर रिक्षाचे भाडे आणि घरच्यांची बोलणी त्याच्या वाट्याला येतात. म्हणजे जेवण आमचे आणि भुर्दंड त्यांचा. मालकांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “मग तुम्हीच सांगा काय करायचं ते.” तेथून पुढचे निर्णय एकेक करून झाले.

दिवस आणि वेळ

तारीख ठरवायला बसलो, तेव्हा सोलापूरच्या कॅलेंडरात मोकळा दिवस शोधणे किती अवघड आहे ते कळले. १७ जुलैला आषाढी एकादशी होती आणि मोहरमचा दहावा दिवसही त्याच तारखेला होता. त्या आठवड्यात पंढरपूरच्या वाटेवर असणारे आणि ताजियाच्या तयारीत असणारे, दोघेही रजेवर जाणार होते. ५ ऑगस्टला श्रावण लागत होता. १९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, आणि त्या दिवशी मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवामुळे पद्मशाली समाजातले आमचे जवळजवळ सर्वच कामगार कामावर नसतात. पुढे गणपती. शिवाय ऑगस्टमध्ये थंडीच्या जर्सी आणि काही कंपन्यांच्या गणवेशांचे काम सुरू होते. मधली जागा एकच उरली, ती म्हणजे जुलैचा शेवटचा आठवडा. शनिवार, २७ जुलै ही तारीख ठरली.

वेळेसाठी तीन पर्याय होते. पूर्ण दिवसाची भरपगारी सुट्टी देऊन सकाळी अकराला समारंभ करावा, हा मला सर्वांत चांगला वाटत होता. पण मजुरीचा खर्च दुप्पट होत होता, आणि एक मागणी सोमवारी रवाना करायची होती. संध्याकाळ आधीच बाद झाली होती. शेवटी सकाळी नऊ ते साडेबारा काम, एकला जेवण, त्यानंतर कार्यक्रम आणि पाचच्या आत सर्वजण घरी, असे ठरले. दुपारच्या अर्ध्या दिवसाची मजुरी कारखाना देणार होता. मासिक पगारावरचे आठ जण वगळता १६२ जणांची सरासरी २८० रुपयांप्रमाणे ती रक्कम सुमारे ४५ हजार होत होती. ऑर्केस्ट्राचे ६० हजार वाचवून त्यातून हा खर्च भागला. ऑर्केस्ट्रा गेला याचे वाईट वाटलेला माणूस कारखान्यात एकच होता, आणि तो आमचा हिशेबनीस होता.

जागेचा प्रश्न फार लांबला नाही. कारखान्याच्याच आवारात मांडव घालावा, अशी एक सूचना होती. त्यावर पॅकिंगमधल्या एका अक्कांनी “रोज घाम गाळायचा तिथंच, अन् जेवायचं पण तिथंच?” असे विचारले, आणि तो पर्याय मिटला. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो आणि लग्ने थांबतात, त्यामुळे जवळच्या एका मंगल कार्यालयाने एरवी ४० हजार घेतात ते २५ हजारांत दिले. चालत दहा मिनिटांचे अंतर होते.

भेटवस्तू

सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि सोलापुरात चादर. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, बाहेरगावच्या पाहुण्याला त्यांचे अप्रूपही असते. पण ज्यांच्या घरात वडील मागावर होते, नवरा अजून मागावर आहे आणि ज्या स्वतः कधीकाळी टॉवेलच्या कडा शिवत होत्या, त्यांना चादर देणे म्हणजे माळ्याला गुलाब देण्यासारखे होते. मालकांच्या मनात तीन खणांचा जेवणाचा डबा होता, तोही चांगल्या प्रतीचा. मी तो नमुना म्हणून पॅकिंगच्या टेबलावर ठेवला. दोघीतिघींनी तो उघडून, झाकण फिरवून पाहिला आणि परत ठेवला. एक जण म्हणाली, “डबा दिला म्हणजे उद्यापास्नं परत कामालाच या, असंच की ओ.” टेबलावर हशा पिकला आणि डबा माझ्या हातात परत आला.

मग मी विचारायची पद्धत बदलली. काय हवे असे न विचारता घरात काय मोडले आहे, असे विचारू लागलो. उत्तरे दोनच आली. एक प्रेशर कुकर, आणि दुसरे झाकणाचे, तोटी असलेले पाण्याचे पिंप. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि उजनीच्या पाण्यावर शहर कसे जगते हे कळायला कोणत्याही घराच्या दारातली पिंपांची रांग पाहावी. आम्ही कुकर किंवा पिंप यांपैकी एक निवडायला सांगितले. घाऊक भावात दोन्ही हजार रुपयांच्या आसपास पडत होते. ११८ जणांनी पिंप निवडले.

रोख रक्कम द्यावी, असे काही पुरुष कामगारांचे म्हणणे होते आणि ते चूक नव्हते. हिशेबनीसांनी तेव्हाचा नियम सांगितला : मालकाने वर्षभरात ५,००० रुपयांच्या आतली वस्तू भेट दिली तर ती करपात्र धरली जात नव्हती, रोख दिली तर ती मिळकतीत धरली जात होती. आमच्या कामगारांच्या कमाईवर प्राप्तिकर लागण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे हा मुद्दा निर्णायक ठरला नाही. निर्णायक ठरली ती दुसरीच शंका. रोख हातात पडली की ती दिवाळीच्या बोनसमधून वळती होईल, अशी भीती पुष्कळांना होती, आणि मागे एका ठिकाणी तसे घडल्याचे दोघांनी सांगितले. कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के बोनस हा हक्क आहे, तो भेट देऊन फेडता येत नाही. तरीही आम्ही सूचना फलकावर मराठी आणि तेलुगूत लिहून लावले की हा समारंभ, ही मजुरी आणि ही वस्तू यांचा बोनसशी काहीही संबंध नाही. ही सूचना तारखेच्या सूचनेबरोबरच लागायला हवी होती. ती दहा दिवस उशिरा लागली, आणि ते दहा दिवस कुजबुजीत गेले.

११८ पिंपे घरी कशी न्यायची, याचा विचार कोणीच केला नव्हता. तो टेम्पोवाल्याने केला. त्याने वस्तीप्रमाणे याद्या मागितल्या. नीलम नगर, सुनील नगर, विडी घरकुल, कुंभारी अशा फेऱ्या लावून ९,००० रुपयांत दोन दिवसांत सर्व पिंपे पोहोचवायचे ठरले.

कोणाचे कौतुक करायचे

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो घालवावाच लागला असता. सर्वाधिक पीस काढणाऱ्याला बक्षीस द्यावे, असे देखरेख करणाऱ्यांचे म्हणणे होते. कागदावर ते न्याय्य दिसते; पण शर्टाची बाजू सरळ शिवणाऱ्याचे आणि कॉलर बसवणाऱ्याचे पीस एका तराजूत तोलता येत नाहीत. कॉलर बसवणारी दिवसात जितके करते त्याच्या कितीतरी पट बाजूची शिलाई होते, आणि शर्ट परत येतो तो मात्र कॉलरसाठी. हजेरीवर बक्षीस द्यावे तर बाळंतपणाची रजा घेतलेल्या दोघी आणि मुलाच्या आजारपणात घरी बसलेली एक, या तिघी आपोआप वगळल्या जात होत्या. मतदान घ्यावे तर भाषेप्रमाणे आणि ओळीप्रमाणे गट पडले असते, याची मला खात्री होती.

आम्ही स्पर्धाच काढून टाकली. प्रत्येकाचे नाव घ्यायचे, तो कोणते काम करतो ते एका वाक्यात सांगायचे, आणि ज्यांना पाच, दहा, पंधरा किंवा त्याहून जास्त वर्षे झाली त्यांचा व्यासपीठावर सत्कार करायचा. कोणाच्या पोटात दुखणार नाही अशी ही साधी, निरुपद्रवी योजना आहे, असे मला वाटले होते.

त्याच योजनेने प्रकरणाला खरे वळण दिले. सेवेची वर्षे काढायला मी नोंदवही उघडली, तेव्हा घडीवरच्या एका ज्येष्ठ अक्कांची रुजू तारीख २०१३ अशी होती. कारखान्यात कोणालाही विचारले असते तरी त्या २००६ पासून आहेत असेच उत्तर मिळाले असते. उलगडा हिशेबनीसांनी केला. २०१३ पूर्वी कारखाना मालकांच्या वडिलांच्या नावावर होता. मग भागीदारी झाली, नवा परवाना निघाला, आणि भविष्यनिर्वाह निधीची खाती नव्या नावाने उघडताना सर्वांची रुजू तारीख तीच टाकली गेली. जागा तीच, मशीन त्याच आणि माणसेही तीच होती. बहुतेक जण नंतर सोडून गेले होते, पण सहा जण अजून कामावर होते. त्या सहा जणांची मिळून ३१ वर्षे कागदावर नव्हती.

व्यासपीठावर अक्कांची अकरा वर्षे वाचावीत की अठरा, एवढाच प्रश्न वरवर दिसत होता. हिशेबनीसांनी दार लावून घेतले आणि दुसरी बाजू सांगितली. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम, प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या मजुरीप्रमाणे द्यावी लागते. अक्कांच्या ४८० रुपये रोजाने वर्षाला ७,२०० रुपये, आणि सात वर्षांचे ५०,४०० रुपये. सहाही जणांचे मिळून ओझे सव्वादोन ते अडीच लाखांचे होते. “माईकवर अठरा वर्षं म्हणालात, आणि कोणी मोबाइलवर ते घेतलं, तर तोच पुरावा होईल,” असे ते म्हणाले. त्यांची सूचना होती की सेवेची वर्षे वाचूच नयेत, सर्वांना फक्त ‘ज्येष्ठ कामगार’ म्हणावे.

ही सूचना चतुर होती, आणि कबूल करायला हवे की त्या संध्याकाळी मलाही ती सोयीची वाटली. समारंभाच्या कामात ग्रॅच्युइटीचे लचांड कशाला, असा विचार मनात आला. मी मालकांसमोर तिन्ही पर्याय मांडले : कागदाप्रमाणे वाचणे, काहीच न वाचणे, किंवा खरे वाचणे आणि त्याप्रमाणे नोंदही दुरुस्त करणे. आमच्या कामगार सल्लागारांचे मत होते की मालकी बदलली तरी काम अखंड चालू राहिले असेल तर सेवा अखंडच धरली जाते. म्हणजे देणे आज ना उद्या निघणारच होते, समारंभाने ते निर्माण केले नव्हते. मालकांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांच्या काळातले एक जाड हजेरी पुस्तक घरून आणले, पिवळ्या पडलेल्या पानांचे, आणि माझ्या टेबलावर ठेवले. त्यात पाच जणांची नावे सापडली. “अठराच वाचा,” एवढेच ते म्हणाले.

नावांची तालीम

आधीच्या वर्षी निवेदकाने तेलुगू आडनावांचे जे केले होते ते आठवून मी गुरुवारी दुपारी नावांची यादी घेऊन घडीच्या टेबलाशी बसलो. अक्का समोर शर्टाची घडी घालत होत्या : पाठ वर, बाह्या आत, पुठ्ठा सरकवला, दुमडला, टाचणी. हात थांबत नव्हते आणि कान माझ्याकडे होते. मी एक आडनाव वाचले की त्या मान हलवत किंवा “तसं नाही ओ, सर” म्हणून तेच नाव जिभेवर नीट ठेवून परत देत. कोठे ‘ल’ चा ‘ळ’ व्हायला हवा होता, कोठे ‘बाई’ हा शब्द नोंदवहीनेच चिकटवला होता आणि घरी त्या नावाने कोणी हाक मारत नव्हते. एकाच नावाच्या तिघी निघाल्या. त्यांना वेगळे ओळखायचे तर कामावरूनच, एक कॉलरवाली, एक खिशावरची आणि एक बटणाची. दीड तासात १६२ नावे झाली आणि त्याच वेळात अक्कांचे चार डझन शर्ट झाले. मी वहीत प्रत्येक नावापुढे उच्चाराच्या खुणा केल्या. नावे निवेदकाने नव्हे, मी आणि ओव्हरलॉकवरच्या एका तेलुगू भाषिक मास्तरांनी मिळून वाचायची, असेही तेथेच ठरले.

२७ जुलै

त्या दिवशी सकाळी कामावर आलेल्या बहुतेक बायकांच्या हातात डब्याच्या पिशवीखेरीज आणखी एक पिशवी होती. आत घडी घातलेली साडी होती. साडेबाराला मशीन बंद झाल्या आणि बायकांच्या दोन स्वच्छतागृहांपुढे शंभराहून जास्त जणींची रांग लागली. कपड्यांवर सुताची कुसे, केसांत धागे, आणि समारंभाला तशा अवताराने कोण जाणार? काही जणींनी कटिंगच्या खोलीत ताग्यांच्या आडोशाने साड्या बदलल्या. एकचे जेवण पावणेदोनला सुरू झाले. अर्धा दिवस काम ठेवण्याचा निर्णय घेताना हा प्रसंग आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या डोक्यात आला नव्हता, आणि निर्णय घेणारे सगळे पुरुषच होते.

जेवण शाकाहारी होते : पुरी, मसालेभात, जिलेबी, आणि कडक भाकरीबरोबर शेंगा चटणी व दही. आषाढ संपत आला असताना मटण नाही याबद्दल प्रेसवाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण शनिवार पाळणारेही बरेच होते. १९० ताटांची सोय केली होती, आणि लेकरांना घेऊन आलेल्यांसह ती पुरली.

नावे वाचायला पाऊण तास लागला. मला कंटाळ्याची भीती होती. उलट प्रत्येक नावाला त्या-त्या ओळीतून आवाज उठत होता, आणि कामाचे वाक्य आले की हसू. अक्कांची अठरा वर्षे वाचली तेव्हा त्या उभ्या राहिल्या, व्यासपीठाकडे निघाल्या आणि मध्येच थांबून शेजारणीला काहीतरी म्हणाल्या. नंतर कळले की त्यांनी “अठरा म्हणाले का?” असे विचारले होते.

यादी संपली आणि मी वही मिटली, तेवढ्यात मागच्या बाजूने कोणीतरी ओरडले, “झाडूवाल्या मावशी राहिल्या की ओ!” त्या, दोन रखवालदार आणि मालाची चढउतार करणारे दोघे ठेकेदाराकडून होते. पटावर नसल्यामुळे ते माझ्या यादीतही नव्हते. त्यांची मजुरी धरली नव्हती, भेटवस्तूही धरली नव्हती. मालक उठून माईकपाशी आले आणि तेथेच अडले, कारण मावशींचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मावशी पुढे आल्या, माईक जरासा लांब धरला आणि स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांच्या गावासकट, स्वतःच सांगितले. टाळ्या त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या होत्या. मी त्या वेळी खाली पाहत होतो.

निष्पत्ती

१७० पैकी १५८ जण शेवटपर्यंत थांबले, आणि पाचच्या सुमारास सभागृह रिकामे झाले. एकूण खर्च सव्वातीन लाखांच्या आत बसला. पुढच्या बुधवारपर्यंत ठेकेदाराकडच्या पाचही जणांना पिंप किंवा कुकर आणि अर्ध्या दिवसाची मजुरी दिली. पिंपांपैकी चार तोट्या गळक्या निघाल्या, त्या दुकानदाराने बदलून दिल्या.

सोमवारी मजुरीच्या तक्रारी आल्या. अर्ध्या दिवसाची रक्कम आम्ही प्रत्येकाच्या मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर, जादा तास वगळून काढली होती. हंगामात महिनाभर आजारी असलेल्यांची आणि जूनमध्ये नव्याने लागलेल्यांची सरासरी त्यामुळे फारच खाली आली. एका मुलीला १६० रुपये मिळाले होते. एकोणीस जणांची रक्कम आम्ही मदतनिसाच्या अर्ध्या रोजापर्यंत वाढवून दिली. खर्च किरकोळ होता. आधीच किमान रक्कम ठरवली असती, तर त्या एकोणीस जणांना कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागले नसते.

त्या हंगामानंतर काम सोडणारे कमी होते, पण पीसचा दरही आम्ही जूनमध्येच वाढवला होता. श्रेय कशाचे किती, हे मी सांगू शकत नाही. दिवाळीच्या आधी बोनस वाटताना “पिंप कापलं का यातनं?” असे विचारणारा एकच जण निघाला, आणि तोही हसत होता.

पुन्हा करायचे झाले तर

समारंभाच्या दिवशी काम ठेवू नये, किंवा निदान बाराला सोडून घरी जाऊन येण्याइतका वेळ द्यावा, असे मी पुढच्या वर्षाच्या टिपणात पहिले लिहिले आहे. नियोजनाच्या बैठकीत पॅकिंग आणि शिलाईतल्या दोघी असाव्यात, हे दुसरे. यादी पटावरून न करता फाटकावरून करावी, म्हणजे सकाळी फाटकातून जो आत येतो तो यादीत, मग त्याची मजुरी कोणीही देत असो. सेवेच्या तारखांची तपासणी समारंभासाठी थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. ती २०१३ मध्येच व्हायला हवी होती. हिशेबनीसांच्या सूचनेला मी त्या संध्याकाळी मनातून होकार दिला होता, हेही टिपणात लिहिले आहे, मालकांनी ते वाचले आहे.

सहा जणांपैकी पाच जणांच्या रुजू तारखा ऑगस्टमध्ये दुरुस्त झाल्या. सहावे प्रेसवरचे एक मामा आहेत. जुन्या हजेरी पुस्तकाची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, आणि त्यांचे नाव असलेच तर त्या पानांत होते. खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर काढलेला एक जुना फोटो कार्यालयात लावलेला आहे. त्यात मागच्या रांगेत, इस्त्रीच्या टेबलाला टेकून, मिशी नसलेला एक तरुण उभा आहे. तो आपणच, असे मामा म्हणतात, आणि अक्काही तसेच सांगतात. फोटोवर तारीख नाही. पाटीवर खडूने साल लिहिलेले आहे, पण पाटीवर हाराची फुले आली आहेत आणि शेवटचा आकडा झाकला गेला आहे. मूळ छायाचित्रकाराकडे निगेटिव्ह आहे का, याची चौकशी चालू आहे.